‘पोट साफ होत नाही’ म्हणजे नेमके काय? आयबीएसच्या एका रुग्णाचे प्रकरण

पार्श्वभूमी

मे महिन्याच्या सुट्टीत ३८ वर्षांच्या एक प्राथमिक शिक्षिका माझ्या ओपीडीत आल्या. जिल्हा परिषदेची शाळा, घरापासून २२ किलोमीटर, रोजचा एसटीचा प्रवास. दोन मुले, दोन्ही बाळंतपणे नैसर्गिक. हातात प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात ६ वर्षांचे कागद, तारखेनुसार लावलेले. हे प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अगदी जुन्या कागदावर ‘आयबीएस’ (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्यात वरकरणी दोष न दिसता पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी होणारा विकार) असे लिहिले होते आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरने तेच उतरवून घेतले होते. ते निदान चुकीचे नव्हते, हे आधीच सांगतो. पोटात डावीकडे खाली कळ यायची, आठवड्यातले चार-पाच दिवस. शौचाला जाऊन आल्यावर ती थोडी ओसरायची. कळ वाढली की शौचाला आणखी कडक व्हायचे. २०१६ साली आलेल्या रोम ४ या, अशा विकारांच्या निदानासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार गेल्या ३ महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान १ दिवस पोट दुखायला हवे आणि त्रास सुरू होऊन ६ महिने झालेले हवेत. शिवाय दुखण्याचा शौचक्रियेशी, किती वेळा होते त्याच्याशी आणि मलाच्या स्वरूपाशी संबंध, या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी जुळायला हव्यात. बाईंच्या बाबतीत हे सगळे जुळत होते. बद्धकोष्ठता प्रमुख असलेला आयबीएस, म्हणजे आयबीएस-सी.

धोक्याच्या खुणा नव्हत्या. वजन घटलेले नव्हते, शौचावाटे रक्त नव्हते, घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग नव्हता, दुखण्याने रात्री झोप मोडत नव्हती. हिमोग्लोबिन, थायरॉइड, कॅल्शियम, सीलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराची) रक्तचाचणी ठीक. २ वर्षांपूर्वीची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, नॉर्मल.

औषधांची यादी मात्र लांबलचक होती. कळ कमी करणारे मेबेव्हरिन, शौचाला होण्यासाठी लॅक्टुलोज, बिसाकोडिल आणि इसबगोल, पोटाच्या ‘टेन्शनची’ म्हणून दिलेली क्लिडिनियम आणि क्लोरडायझेपॉक्साइडची गोळी, आणि सासूबाईंच्या सांगण्यावरून रोज रात्री कोमट पाण्यातून चूर्ण. इसबगोलने पोट जास्तच फुगते, असे त्यांनी आपण होऊन सांगितले. क्लिडिनियम आतड्याची हालचाल मंदावते. म्हणजे बद्धकोष्ठतेच्या रुग्णाला बद्धकोष्ठता वाढवणारी गोळी चालू होती, आणि ती तीन वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर होती.

अडचण

तक्रार एकाच वाक्यात होती: “सर, पोट साफ होत नाही.”

आमच्याकडे दिवसातून निदान दहा रुग्ण हे वाक्य उच्चारतात. ते इतके ओळखीचे झाले आहे की आपण त्याला उत्तर देतो, त्याचा अर्थ विचारत नाही. या प्रकरणाचे मूळ त्यात आहे.

‘साफ होत नाही’ म्हणणाऱ्याला निदान तीन वेगळ्या गोष्टी होत असू शकतात. मोठ्या आतड्यातून मल पुढे सरकायलाच वेळ लागतो, त्यामुळे तो कोरडा होतो आणि शेळीच्या लेंड्यांसारखा खडा धरतो, ही एक. मल मलाशयापर्यंत येतो, पण दाराशी अडतो, माणूस कुंथत बसतो, ही दुसरी. तिसरी जरा विचित्र आहे: मलाशय रिकामे झालेले असते, पण तिथल्या जाणिवा इतक्या तीव्र झालेल्या असतात की आत अजून काहीतरी आहे असे वाटत राहते. आयबीएसमध्ये ही तिसरी गोष्ट बरीच दिसते. उपचार तिन्हींचे वेगळे. आणि एकाच माणसात दोन-तीन गोष्टी एकत्रही असतात.

आणखी एक गोंधळ आपल्याकडे होतो. पाश्चात्त्य पुस्तकांत आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचाला होणे हे बद्धकोष्ठतेचे एक लक्षण धरले आहे. भारतातल्या बहुतेक निरोगी माणसांना रोज एकदा किंवा दोनदा होते. त्यामुळे इथला रुग्ण रोज जात असूनही हैराण असू शकतो, आणि “रोज होतं ना? मग ठीक आहे,” असे ऐकून घरी परततो. बाईंना असे दोन ठिकाणी सांगितले गेले होते.

पहिल्या भेटीतला निर्णय

त्या दिवशी मी क्लिडिनियमची गोळी बंद केली, चूर्ण आणि बिसाकोडिल थांबवले, मल मऊ करणारी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर रोज घ्यायला सांगितली, ब्रिस्टल तक्ता समजावून नोंदी ठेवायला सांगितल्या. ब्रिस्टल तक्त्यात मलाचे सात प्रकार चित्रांनी दाखवलेले असतात. १ म्हणजे सुट्या कडक गुठळ्या, ७ म्हणजे पाणी. रुग्णाला शब्दांत सांगायला संकोच वाटतो, चित्रावर बोट ठेवायला वाटत नाही.

गुदमार्गातून बोटाने करायची तपासणी मी केली नाही. ओपीडीत गर्दी होती, बाई एकट्या आल्या होत्या, सिस्टर दुसऱ्या खोलीत होत्या, आणि कोलोनोस्कोपी नॉर्मल होती. ही सगळी कारणे मला तेव्हा पुरेशी वाटली. मी त्यांना दोन महिन्यांनी बोलावले. पण जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाली, रजा मिळाली नाही, आणि त्या थेट दिवाळीच्या सुट्टीत आल्या. पाच महिने गेले.

दुसरी भेट

त्यांनी चौकटीची वही आणली होती, गणिताला वापरतात तशी. रकाने पट्टीने आखलेले: तारीख, वेळ, ब्रिस्टल प्रकार, किती मिनिटे लागली, दुखणे दहापैकी किती. मी पाने उलटत गेलो तसतसा प्रश्न माझ्यासमोर स्वच्छ होत गेला. पावडरीने मल मऊ झाला होता. आधी २ होता, आता ४, कधी ५. तरीही मिनिटांच्या रकान्यात ३५, ४०, ४५ हेच आकडे होते. सकाळी एकदा, चहानंतर पुन्हा एकदा.

मऊ मलसुद्धा बाहेर टाकता येत नसेल, तर अडचण मलात नाही. मग मी विचारले, “तिथे बसल्यावर नेमकं काय होतं, ते सुरुवातीपासून सांगाल का?”

त्यांनी सांगितले की वेग येतो, बसल्यावर जोर करावा लागतो, थोडेसे होते, मग काहीच नाही. पोटात ताण येतो, चेहरा गरम होतो, कपाळाला घाम येतो. बाहेर मुले “आई, किती वेळ” म्हणून दार वाजवतात. शेवटी उठायचे, पण आत राहिले आहे हे कळत असते. एवढे सांगून त्या थांबल्या. मी पुढे काही विचारले नाही. तपासणीची गरज समजावली, चालेल का विचारले, यापूर्वीच्या कुठल्या अनुभवामुळे अशी तपासणी नकोशी वाटत असेल तर तसे सांगा, आपण थांबू, हेही म्हणालो. मग सिस्टरांना बोलावून खोलीबाहेर गेलो.

पडद्यामागे तयारी करताना सिस्टरांनी सहज विचारले, “ताई, कधी हाताची मदत घ्यावी लागते का? बऱ्याच जणींना लागते.” बाई रडायला लागल्या. आठवड्यातून चार-पाच वेळा बोट घालून मल काढावा लागतो, असे त्यांनी सांगितले. ४ वर्षांपासून. नवऱ्याला माहीत नव्हते, आईला माहीत नव्हते. जुन्या कागदांत या गोष्टीचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता, कारण कुणी विचारलेच नव्हते. सिस्टरांच्या वाक्यातला दुसरा अर्धा भाग, ‘बऱ्याच जणींना लागते’, मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी आधी लाज काढून घेतली आणि मग बाईंना बोलू दिले.

सिस्टरांनीच आणखी एक गोष्ट काढून घेतली. शाळेतल्या शिक्षकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी दोन वर्षांपासून तुटलेली होती. एक जण आत गेली की दुसरीने बाहेर उभे राहायचे. दोघींचाच स्टाफ, दुसरी वर्गावर असली की जायचे कसे? पहाटे उठून डबा, मग ६:४० ची एसटी. वेग यायचा तो एसटीत किंवा दुसऱ्या तासाला. तो दाबायचा. संध्याकाळी घरी आल्यावर वेग येत नाही, तरी बसायचे. असे वर्षानुवर्षे चालले होते.

तपासणीत बाकी काही नव्हते. भेग नाही, मूळव्याध किरकोळ, गाठ नाही. मी सांगितले, “शौचाला करताना करता तसा जोर करा.” निरोगी माणसात अशा वेळी पोटाचे स्नायू ताठ होतात, गुदद्वाराचा स्नायू सैल पडतो आणि खालचा भाग थोडा खाली उतरतो. बाईंच्या पोटाचे स्नायू ताठ झाले, पण माझ्या बोटाभोवतीची पकड घट्ट झाली. पुन्हा करायला सांगितले, तेच. खालचा भाग जागचा हलला नाही.

मलाशयामागून पट्ट्यासारखा येणारा प्युबोरेक्टॅलिस नावाचा स्नायू मलाशय आणि गुदमार्ग यांच्यात कोन करून ठेवतो, म्हणून एरवी मल आत थांबतो. शौचाच्या वेळी हा पट्टा सैल व्हायला हवा आणि कोन उघडायला हवा. काही माणसांत तो नेमका त्याच वेळी आवळला जातो. याला डिसिनर्जिया म्हणतात. स्नायू निकामी नसतो, मज्जातंतूही सहसा शाबूत असतात. शरीर एक क्रिया चुकीची शिकलेले असते.

कोणते पर्याय होते

औषध बदलणे हा सर्वांत सोपा पर्याय होता. प्रुकॅलोप्राइड दिले असते तर मोठ्या आतड्याची गती वाढली असती. पण दार बंद असताना मागून रेटा वाढवला तर कळ वाढण्याचीच शक्यता जास्त होती. पुन्हा कोलोनोस्कोपी करण्यात अर्थ नव्हता. बाईंच्या नवऱ्याचा मात्र तोच आग्रह होता, “एकदा आत बघून घ्या.” त्यांना मी समजावले की कोलोनोस्कोपी आतड्याचे अस्तर दाखवते, स्नायू कसा वागतो ते दाखवत नाही.

आतड्यातला प्रवास मोजायची चाचणी करावी का, यावर मी बराच विचार केला. यात एक्स-रेवर दिसणाऱ्या बारीक खुणा असलेल्या कॅप्सूल गिळायला देतात आणि ठरावीक वेळाने पोटाचा एक्स-रे काढून किती खुणा उरल्या ते मोजतात. पाश्चात्त्य पद्धतीत पाचव्या दिवशी एक्स-रे काढतात. भारतीयांच्या आतड्याची गती जास्त असल्याने तोवर खुणा निघून गेलेल्या असतात आणि दोष सापडत नाही. म्हणून लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतल्या तज्ज्ञांनी वेगळी पद्धत बसवली: सुरुवातीला, १२ तासांनी आणि २४ तासांनी प्रत्येकी २० खुणा, आणि एक्स-रे ३६ व ६० तासांनी. चाचणी चांगली आहे. पण दाराशी अडथळा असेल तर मागची गतीही मंद दिसते, आणि अडथळा सुटल्यावर पुष्कळदा ती सुधारते. त्यामुळे ती आत्ता करायची नाही, दाराचा प्रश्न सोडवूनही त्रास राहिला तर करायची, असे ठरवले.

राहिले दोन पर्याय. बोटाच्या तपासणीवर विसंबून थेट बायोफीडबॅक, म्हणजे पडद्यावर दाब बघत स्नायू सैल करायला शिकवणारा उपचार, सुरू करायचे, किंवा आधी मॅनोमेट्री (गुदमार्गातला दाब मोजणे) आणि मलाशयात ठेवलेला फुगा बाहेर टाकण्याची चाचणी करून खात्री करायची. आमच्या गावात मॅनोमेट्री होत नाही, अडीच तासांच्या अंतरावरच्या शहरात होते. अनुभवी हाताच्या तपासणीत डिसिनर्जिया बराचसा पकडला जातो, तेव्हा पहिला पर्याय चुकीचा ठरला नसता. पण बायोफीडबॅकसाठी त्यांना त्याच शहरात अनेक फेऱ्या माराव्या लागणार होत्या. इतकी धावपळ करायची तर निदान पक्के असावे, असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले.

तपासण्यांत काय दिसले

मॅनोमेट्रीत दाब मोजणारी बारीक नळी गुदमार्गात ठेवतात. जोर करताना मलाशयातला दाब वाढायला हवा आणि गुदद्वारातला उतरायला हवा. बाईंच्या आलेखात दोन्ही रेषा एकदम वर चढल्या. मलाशयातला दाब पुरेसा होता, म्हणजे जोर कमी पडत नव्हता. अशा नमुन्याला डिसिनर्जियाचा पहिला प्रकार म्हणतात.

पण एवढ्यावर निदान करायचे नसते. कुशीवर झोपलेले, आत नळी, खोलीत अनोळखी माणसे: अशा स्थितीत कितीतरी निरोगी माणसांचा आलेखही असाच येतो. म्हणून रोम ४ च्या निकषांत आयबीएस-सी किंवा बद्धकोष्ठतेच्या रुग्णात शौचक्रियेचा दोष म्हणायचा तर मॅनोमेट्री किंवा स्नायूंचा विद्युत आलेख, फुग्याची चाचणी आणि प्रतिमाचाचणी या तीनपैकी दोन तरी सदोष असाव्या लागतात.

फुग्याची चाचणी ऐकायला क्षुल्लक वाटते. मलाशयात ५० मिलिलिटर कोमट पाणी भरलेला लहान फुगा ठेवतात आणि रुग्णाला एकट्याने, बंद खोलीत, कमोडवर बसून तो बाहेर टाकायला सांगतात. साधारण मिनिटभरात तो पडायला हवा. बाई तीन मिनिटे बसल्या, फुगा हलला नाही. बाहेर आल्यावर त्या सिस्टरांना म्हणाल्या, “रोज हेच होतं. आज कुणीतरी मोजलं.”

तिसरी गोष्ट मलाशयाच्या जाणिवेची. फुग्यात हळूहळू हवा भरत किती प्रमाणात काय वाटते ते विचारतात. ७० मिलिलिटरलाच त्यांना डाव्या बाजूची ती ओळखीची कळ आली. इतक्या कमी प्रमाणात दुखायला नको होते. जाणीव तीव्र झालेली होती, आणि आयबीएसमध्ये हे होते. म्हणजे ६ वर्षांपूर्वी लिहिलेले निदान खरे होते, आणि त्याच्या जोडीला दुसरे निदानही खरे होते.

ऑपरेशनचा प्रश्न

इथे एक वळण आले. बायोफीडबॅकची तारीख मिळेपर्यंत तीन आठवडे होते. तेवढ्यात नात्यातल्या कुणीतरी त्यांना एका शल्यविशारदांकडे नेले. तिथे एमआर डिफेकोग्राफी झाली. यात मलाशयात जेल भरून ते बाहेर टाकतानाची चलचित्रे घेतात. अहवालात होते: २.६ सेंटिमीटरचा पुढच्या बाजूचा रेक्टोसील, जोर करताना प्युबोरेक्टॅलिस सैल होत नाही, मलाशय अपुरे रिकामे. ऑपरेशनचा सल्ला मिळाला. बाई घाबरून माझ्याकडे आल्या. घरच्यांना मात्र हायसे वाटले होते. अखेर काहीतरी ‘सापडले’ होते, ज्याला नाव होते आणि जे कापता येत होते.

रेक्टोसील म्हणजे मलाशयाची पुढची भिंत योनीमार्गाच्या बाजूला फुगणे. बाळंतपणे झालेल्या, कुठलाही त्रास नसलेल्या पुष्कळ स्त्रियांत लहान रेक्टोसील आढळतो. तो त्रासाचे कारण आहे की निव्वळ सोबती, हे ठरवायचे होते. मी दोन गोष्टी पाहिल्या. एक, चित्रांत रेक्टोसीलच्या खिशात जेल अडकून राहते का? फार थोडे राहिले होते. बहुतेक जेल वरच अडले होते. दोन, बाईंना योनीमार्गातून मागची भिंत दाबल्यावर शौचाला सोपे जाते का? ज्यांचा रेक्टोसील खरोखर आड येतो त्या बायका असे करतात. हा प्रश्न मी सिस्टरांकरवी विचारला. उत्तर ‘कधीच नाही’ असे होते. मदत लागायची ती मागूनच.

मी त्या शल्यविशारदांना फोन केला. त्यांच्यासमोर मॅनोमेट्रीचा अहवाल आलेलाच नव्हता. स्नायू सैल होत नसताना भिंत शिवली तर कुंथणे तसेच राहील आणि शिवणीवर ताण येईल, हे त्यांना लगेच पटले. चार महिने बायोफीडबॅक करू, मग पुन्हा दोघे मिळून बघू, असे ठरले. एका फोनने हे झाले. तोच फोन मी मॅनोमेट्रीच्या दिवशी केला असता, तर बाईंच्या त्या तीन आठवड्यांच्या रात्री चांगल्या गेल्या असत्या.

उपचार

जिल्हा परिषदेची शाळा शनिवारी सकाळची असते. शाळा सुटल्यावर दुपारची गाडी पकडून बाई शहरात जायच्या. दर दोन आठवड्यांनी एक अशी सहा सत्रे झाली, प्रत्येक सुमारे पाऊण तासाचे.

बायोफीडबॅकमध्ये गुदमार्गातला दाब पडद्यावर रेषेच्या रूपात दिसतो. रुग्ण जोर करतो, रेषा वर गेलेली बघतो, वेगळ्या तऱ्हेने करून बघतो. पहिल्या दोन सत्रांत फिजिओथेरपिस्टने त्यांना फक्त श्वास शिकवला. छाती न उचलता पोटात श्वास घ्यायचा, कंबर चारी बाजूंनी रुंद होऊ द्यायची, ओठ सैल ठेवायचे. दात आवळले की खालचा स्नायूही आवळतो, हे तिने त्यांना पडद्यावर दाखवले. तिसऱ्या सत्रात रेषा पहिल्यांदा खाली गेली. बाई सांगत होत्या, “मला काहीच केल्यासारखं वाटलं नाही, आणि ती म्हणाली, हेच, हेच करायचं.” इतकी वर्षे जोर म्हणजे सगळे शरीर आवळणे असेच त्यांना माहीत होते. पुढच्या सत्रांत फुगा बाहेर टाकण्याचा सराव झाला. घरी दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटांचा सराव होताच.

सोबत साध्या गोष्टी केल्या. घरात नूतनीकरणात भारतीय पद्धतीचा संडास जाऊन कमोड आला होता. उकिडवे बसल्यावर मलाशयाचा कोन जास्त सरळ होतो. त्यासाठी कमोडसमोर देवघरातला जुना पाट ठेवला, पाय त्यावर. बसण्याला दहा मिनिटांची मर्यादा. झाले नाही तर उठायचे. पावडर अर्ध्यावर आणली. उठल्या उठल्या गरम पाणी, नाश्ता, आणि नाश्त्यानंतर वीस मिनिटे राखून ठेवायची, कारण खाल्ल्यावर मोठे आतडे आपण होऊन हालचाल करते. यासाठी घरातल्या कामाची वाटणी बदलावी लागली. डबा भरायचे काम नवऱ्याने घेतले. ते सोपे झाले नाही, सासूबाई महिनाभर नाराज होत्या.

परिणाम

सहाव्या सत्राच्या शेवटी फुग्याची चाचणी पुन्हा केली. ४० सेकंदांत फुगा पडला. वहीतले आकडे असे होते: बसण्याचा वेळ ८ ते १२ मिनिटे, बोटाची मदत शेवटच्या महिन्यात एकदा, दुखण्याचे दिवस आठवड्याला पाचवरून दोनवर.

दुखणे पूर्ण गेले नाही, आणि ते जाईल असे मी सांगितलेही नव्हते. चवळी-वाटाण्याची उसळ, कच्चा कांदा, लग्नातले जेवण यांनंतर पोट फुगते आणि कळ येते. शौचाला नीट होऊनही अधूनमधून ‘राहिले आहे’ असे वाटते. ही ती तिसऱ्या तऱ्हेची जाणीव. आधी ही जाणीव आली की त्या परत जाऊन बसायच्या आणि कुंथायच्या. आता त्या वहीत पाहतात: प्रकार ४, वेळ १० मिनिटे, म्हणजे रिकामे झाले आहे. मग परत बसत नाहीत. अर्ध्या-पाऊण तासात ती जाणीव विरते. हे शिकायला त्यांना दोन महिने लागले, आणि माझ्या मते या सगळ्या उपचारातला हाच सर्वांत कठीण भाग होता.

उन्हाळ्यात निवडणुकीची ड्युटी लागली. मतदान केंद्रावर दोन दिवस, रात्रीचा मुक्काम तिथेच, बायकांसाठी वेगळी सोय नाही. घरी आल्यावर आठवडाभर सगळे जुने परत आले, बोटसुद्धा. त्यांनी फोन केला तेव्हा आवाजात हरल्याचा सूर होता. एक जादा सत्र घेतले, पावडर दोन आठवडे वाढवली, गाडी रुळावर आली. पुढच्या दिवाळीत, म्हणजे वर्षाने, आकडे बहुतांशी टिकून होते. ऑपरेशनचा विषय तूर्त मागे पडला आहे. खुणांच्या कॅप्सूलची चाचणी करावी लागली नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या भेटीतच बोटाने तपासणी करायला हवी होती. सिस्टर मोकळ्या होईपर्यंत बाईंना अर्धा तास बसवले असते तर पाच महिने वाचले असते. ६ वर्षांत सात डॉक्टरांनी ती केली नाही आणि आठवा मी. कोलोनोस्कोपी झालेली असली की आपण खालच्या दाराची तपासणी झाली असे गृहीत धरतो. पण कोलोनोस्कोपीच्या वेळी रुग्ण बहुधा गुंगीत असतो, त्याला कुणी जोर करायला सांगत नाही.

मल मऊ केल्यावरही वेळ तितकाच लागतो, ही खूण माझ्या हाती दोन महिन्यांत येऊ शकत होती. वहीचा एका पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवला असता तरी पुरले असते. रजा न मिळणाऱ्या रुग्णाला ‘दोन महिन्यांनी या’ म्हणणे म्हणजे पुढच्या सुट्टीत या म्हणणे, हे मला तेव्हा सुचले नाही.

एका गोष्टीबद्दल माझ्या मनात अजून दोन बाजू आहेत. मॅनोमेट्री न करता बायोफीडबॅक सुरू केले असते तर? ज्या रुग्णाला शहरात जाणे परवडतच नाही, त्याच्या बाबतीत मी आता बोटाची तपासणी आणि फुग्याची चाचणी एवढ्यावर सुरुवात करायला तयार आहे. फुग्याच्या चाचणीला मोठे यंत्र लागत नाही, एक नळी, एक फुगा आणि कडी लागणारी खोली पुरते. ती आता आम्ही आमच्याकडेच करतो. पण या बाईंच्या बाबतीत दोन रेषांचा तो आलेख नसता, तर ऑपरेशन थांबवण्यासाठी माझ्याकडे फोनवर सांगायला काही नसते.

ओपीडीतल्या आमच्या छापील कागदावर पोटाच्या तक्रारीखाली चार प्रश्न वाढवले आहेत. ते सिस्टर विचारतात, मी खोलीत नसताना. बसल्यावर किती मिनिटे लागतात? पातळ झाले तरी जोर लागतो का? कधी हाताची मदत घ्यावी लागते का, बऱ्याच जणांना लागते. आणि कामाच्या ठिकाणी वेग आला तर जाता येते का?